बारा कोसांवर बदलतो कोयता

श्रावणातली पौर्णिमा. मालवणच्या धक्क्यावर दुपारपासूनच गर्दी जमू लागते. सिंधुदुर्ग किल्ल्यावरून मानाचा नारळ सागराला अर्पण होतो, मागोमाग बंदरावर कोळी बांधव आणि व्यापारी आपापले नारळ घेऊन येतात. ढोल-ताशांच्या गजरात पूजा आटोपते आणि मग किनाऱ्यावर वेगळीच धमाल सुरू होते, ती नारळ लढवण्याची! एकाने आपला नारळ मुठीत घट्ट धरून पुढे करायचा, दुसऱ्याने आपल्या हातातला नारळ त्यावर आपटायचा. ज्याचा फुटला तो हरला, ज्याचा टिकला तो पुढच्या गड्याला सामोरा गेला.

पाहणाऱ्याला वाटावे की हा सारा मनगटाच्या ताकदीचा मामला. पण मुरलेले खेळाडू पौर्णिमेच्या आधीच बाजार पालथा घालतात. मोठा, भरलेला, देखणा नारळ ते बाजूला सारतात. त्यांना हवा असतो लहान, जाड करवंटीचा, टणक नारळ. तो नखाने टिचकी मारून ऐकायचा, बोटांनी चाचपायचा, मगच विकत घ्यायचा. लढतीतही आंधळा घाव कुणी घालत नाही. समोरच्या नारळाची कच्ची जागा कोणती, हे आधी हेरले जाते. अलीकडच्या वर्षांत मालवणात महिलांसाठीही अशा स्पर्धा होऊ लागल्या आहेत. पदर कमरेला खोचून, डोळे बारीक करून समोरच्या नारळाचा अंदाज घेणाऱ्या बायका हा या दिवसाचा नवा थाट!

या खेळात नारळच नारळाला फोडतो. मात्र मालवण सोडून किनाऱ्याने दक्षिणेकडे निघाले की हेच फळ फोडण्याच्या तऱ्हा बदलू लागतात. बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात, तसा बारा कोसांवर कोयताही बदलतो. कुठे त्याची धार वापरतात, कुठे पाठ, कुठे नारळाखाली दगड असतो तर कुठे जमिनीत रोवलेले लोखंड. आणि हे हत्यार कुणाच्या हातात असावे, याचेही प्रत्येक ठिकाणचे रीतिरिवाज निराळे!

असोला ते वाटी

शहरातल्या माणसाला नारळ म्हणजे शेंडी राखलेला तपकिरी गोळा एवढेच ठाऊक असते. कोकणातल्या घरी मात्र नारळ येतो तो असोला, म्हणजे सोडणासकट. तेव्हा फोडण्याच्या आधी सोलण्याचे काम. अंगणाच्या कडेला जमिनीत टोक वर करून पक्की रोवलेली पहार असते. दोन्ही हातांत असोला नारळ धरून तो त्या टोकावर नेमका मारायचा, सोडणात टोक घुसले की मनगटाला पीळ द्यायचा. तीन-चार वेळा असे केले की सोडण सुटून पडते. काम दिसते सोपे, पण नेम चुकला तर टोक तळहातात किंवा पोटात जायला वेळ लागत नाही. म्हणून पहारीजवळ पोरांना फिरकू देत नाहीत.

सोललेला नारळ फोडायला घरोघर कोयती. आणि इथेच नवख्याची पहिली चूक होते. तो कोयतीची धार नारळावर मारतो. धार गोल करवंटीवरून घसरते, नाही तर करवंटीत रुतून बसते आणि ती उपसताना हात कापतो. जुनी माणसे कोयती उलटी धरतात. नारळ डाव्या तळहातावर आडवा घ्यायचा, डोळे एका बाजूला आणि निमुळते टोक दुसऱ्या बाजूला. मग त्याच्या बरोबर मध्यावर, पोटाच्या घेरावर कोयतीच्या पाठीने ठोका द्यायचा. नारळ थोडा फिरवायचा, पुन्हा ठोका. आवाज ‘टण टण’ येत असतो तो अचानक ‘खट्’ असा बोदा येतो. याचा अर्थ तडा गेला. एकदा तडा गेला की तो करवंटीच्या घेराने आपोआप पुढे पळतो. खाली तांब्या धरला की पाणी त्यात आणि हातात दोन सारख्या वाट्या!

याचे कारण नारळाच्या घडणीतच आहे. करवंटी फार कठीण असते, पण काचेसारखी ठिसूळही असते. ती वाकत नाही, तडकते. एकाच जागी जोराचा घाव घातला तर तिचे वेडेवाकडे तुकडे होतात. मध्यावर गोल फिरवत हलके ठोके दिले, तर तडा ठोक्यांच्या रेषेने जातो. म्हणूनच सत्तरीतली आजी जो नारळ तीन ठोक्यांत फोडते, तोच तिचा व्यायामशाळेत जाणारा नातू दहा घावांत चेचून ठेवतो!

वाट्या हाती आल्या की पुढचे काम विळीचे. मालवणी मुलखात तिला ‘आडाळो’ म्हणतात. एका बाजूला भाजी-मासळी चिरायचे पाते आणि त्याच्याच टोकाला दाते असलेली खवणी. एका पायाने पाट दाबून बसायचे, वाटी खवणीवर फिरवायची आणि पांढऱ्याशुभ्र खोबऱ्याचा ढीग ताटात पडू द्यायचा. कोकणातल्या स्वयंपाकघराची सकाळ याच आवाजाने सुरू होते.

गंमत अशी की ज्या घरात रोज बाईच नारळ फोडते, त्याच घरात पूजेचा नारळ मात्र तिने फोडायचा नाही, असा रिवाज महाराष्ट्रात पुष्कळ ठिकाणी सांगितला जातो. नारळ हे बीज, बाई ही जन्मदात्री, तिने बीज फोडू नये, असे त्याचे समर्थन करतात. मग आमटीसाठी फोडलेला नारळ बीज नसतो काय? या प्रश्नाला घरातल्या वडीलधाऱ्यांकडे उत्तर नसते. वाहनाची पूजा असो, दुकानाचे उद्‌घाटन असो, नारळ पुरुषाच्या हाती द्यायचा, त्याने तो पायरीवर आपटून चक्काचूर करायचा आणि पसरलेले तुकडे गोळा करायला पुन्हा बाईच!

बाणवलीचा नारळ, पाडेलीचा कोयता

तेरेखोल ओलांडली की गोवा. पश्चिम किनाऱ्यावर सर्वत्र दिसणाऱ्या उंच नारळाच्या जातीला कोकणात ‘बाणवली’ म्हणतात. हे नाव आले गोव्यातल्या बाणावली गावावरून. सासष्टीच्या समुद्रकाठच्या या गावाला आज लोक ओळखतात ते किनाऱ्यावरच्या हॉटेलांमुळे, पण कोकणातल्या बागायतदाराच्या तोंडी त्याचे नाव आहे ते माडांमुळे.

गोव्यात माडावर चढून नारळ पाडणाऱ्याला ‘पाडेली’ म्हणतात. कमरेला कोयता अडकवून तो सरसर वर चढतो. कोणता घड तयार झाला, कोणता अजून महिनाभर ठेवायचा, हे तो वर पोचल्यावर नजरेने आणि बोटाच्या टिचकीने ठरवतो. त्याच्या कोयत्याचे काम फक्त घड तोडण्याचे नाही. वाळलेल्या झावळ्या उतरवायच्या, माडाचा शेंडा साफ करायचा, कीड लागली असेल तर मालकाला सांगायचे. पाडेली म्हणजे माडाचा वैद्यच म्हणा ना! खाली पडलेले नारळ सोलायला इथेही जमिनीत रोवलेले लोखंड, आणि घरात खवायला ‘आदोळी’. आपल्या आडाळोचे आणि हिचे नाते नावावरूनच कळते.

१९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण क्षमतेने सुरू झाली आणि हा सारा किनारा एका दिवसाच्या प्रवासात आला. खिडकीशी बसणाऱ्याला रत्नागिरीपासून मंगळूरपर्यंत माडांची सोबत तुटत नाही. कारवार, कुमठा, भटकळ, उडुपी अशी स्थानके जातात, फलाटावरची भाषा कोकणीची कन्नड आणि कन्नडची तुळू होते. विळी ‘ईळिगे मणे’ होते. ठोका मात्र तोच, मध्यावर.

तिपटूरचे गोटे

नारळ फोडण्याची सगळ्यांत नाजूक कला पाहायची तर समुद्र सोडून घाट चढावा लागतो. बंगळूरहून अरसीकेरेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर तुमकूर जिल्ह्यात तिपटूर लागते. इथे समुद्राची खारी हवा नाही, तरी चहूकडे माडच माड. हे गाव सुक्या खोबऱ्याच्या बाजारासाठी देशभर प्रसिद्ध आहे. कन्नडमध्ये सुक्या खोबऱ्याला ‘कोब्बरि’ म्हणतात. आपले ‘खोबरे’ त्याचेच भावंड. मराठी घरातल्या गोड्या मसाल्यात, सुक्या चटणीत, लग्नाच्या रुखवतात आणि भंडाऱ्याबरोबर जेजुरीला उधळल्या जाणाऱ्या खोबऱ्यात जे सुके खोबरे जाते, त्याची वाट अशा बाजारांतून येते.

इथल्या शेतकऱ्याला नारळाच्या वाट्या नको असतात. त्याला हवा असतो अखंड गोटा. त्यासाठी पक्व नारळ सोडणासकट माळ्यावर साठवतात. आठ-दहा महिने, कधी वर्षभरही ते तसेच पडून राहतात. हळूहळू आतले पाणी आटते, खोबरे सुकते, आक्रसते आणि करवंटीपासून सुटते. नारळ हलवला की आत गोटा खडखड वाजतो. हा आवाज आला की समजायचे, माल तयार!

मग खरी परीक्षा. सोडण काढून झाल्यावर करवंटी फोडायची, पण आतल्या गोट्याला ओरखडाही उठू द्यायचा नाही. कोयत्याचा ठोका असा हवा की करवंटी तडकावी आणि तिथेच थांबावा. तुकडा तुकडा करत करवंटी उतरवली जाते आणि शेवटी हातात राहतो तपकिरी, गोल, अखंड गोटा. बाजारात भाव ठरतो तो आकारावर, रंगावर आणि अखंडपणावर. गोट्याचा तुकडा पडला की भाव पडला. वर्षभराची वाट पाहून तयार केलेला माल एका चुकीच्या ठोक्याने हलका ठरतो, तेव्हा कारागिराच्या मनगटाची किंमत कळते.

केरळ: घरातला कोयता, देवळातला हात

मंगळूरच्या पुढे गाडी केरळात शिरते आणि पहिले मोठे स्थानक येते कासरगोड. इथले नारळ संशोधन शंभर वर्षांहून जुने आहे. १९१६ साली तेव्हाच्या मद्रास सरकारने या भागात नारळ संशोधनाला सुरुवात केली. त्यातूनच पुढे १९७० मध्ये केंद्रीय लागवड पिके संशोधन संस्था उभी राहिली. नारळ विकास मंडळाचे मुख्यालयही केरळातच, कोचीला. हे मंडळ १९८१ पासून काम करते आहे.

केरळातल्या प्रत्येक घरात एक ‘वेट्टुकत्ती’ असतेच. टोकाला किंचित वळलेले, जड, रुंद पाते आणि लाकडी मूठ. हिने सरपण फोडतात, फणस कापतात, कुंपणाच्या फांद्या छाटतात आणि रोजचा नारळही फोडतात. नारळ हातात घेऊन पाठीचे दोन-तीन ठोके, खाली पेला, पाणी पोरांच्या तोंडात आणि वाट्या ‘चिरवा’वर. चिरवा म्हणजे बसायच्या लाकडी पाटाला पुढे जोडलेली दातेरी लोखंडी जीभ. इथे हे सारे काम सर्रास बायका करतात.

सोलायच्या लोखंडी टोकाला मल्याळीत म्हणतात ‘पारा’. आपल्या पहारीशी किती जवळचा शब्द! ही वस्तू तिथल्या आयुष्यात इतकी मुरली आहे, की एखाद्याने पाठीमागून कारस्थान करून दुसऱ्याचे काम बिघडवले तर मल्याळी माणूस म्हणतो, त्याने ‘पारा’ ठेवली. आपल्याकडे नोकरीवरून काढून टाकलेल्याला ‘नारळ मिळतो’, त्यांच्याकडे कचेरीतल्या राजकारणात ‘पारा’ लागते. नारळाने दोन्ही भाषांत गोड कामाबरोबर अशी कडू कामेही अंगावर घेतली आहेत!

देवळात मात्र हत्यार नसते, असतो फक्त हात आणि दगड. उत्तर केरळात वेट्टक्कोरुमकन या देवाची देवळे आहेत. शंकराने किराताचे, म्हणजे शिकाऱ्याचे रूप घेतले तेव्हाचा हा त्याचा मुलगा, अशी श्रद्धा. कोळिकोड जिल्ह्यातले बालुश्शेरी कोट्टा हे त्याचे प्रसिद्ध स्थान. या देवाच्या सेवेत ‘पंतीरायिरम’ नावाचा विधी होतो. पंतीरायिरम म्हणजे बारा हजार. बारा हजार नारळांची रास रचलेली असते आणि ते सगळे फोडतो एकच माणूस! दगडासमोर बसून, दोन्ही हातांनी, एकामागून एक. बाजूचे लोक नारळ पुरवत राहतात, फुटलेले बाजूला ओढत राहतात, वाद्ये वाजत राहतात आणि तासन्‌तास तो लयीत थांबत नाही. नुसत्या रागाने वा जोराने आपटणारा माणूस शंभराव्या नारळालाच खांदा धरून बसेल. बारा हजारांपर्यंत पोचायचे तर प्रत्येक नारळ आपल्याच वजनाने दगडावर पडावा, हाताने फक्त दिशा द्यावी, हे शिकावे लागते.

याच्या अगदी उलट रीत शबरीमलाच्या यात्रेत दिसते. तिथे नारळ फोडायच्या आधी तो अलगद उघडला जातो. नारळाला तीन डोळे असतात. त्यांतले दोन पक्के बंद, तिसरा मऊ. याच डोळ्यातून पुढे कोंब बाहेर येतो. अय्यप्पाचा भक्त घरून निघण्यापूर्वी हा मऊ डोळा टोचून आतले पाणी काढतो, नारळात तूप भरतो आणि बूच लावून तो बंद करतो. हा नारळ डोक्यावरच्या ‘इरुमुडी’त, म्हणजे दोन कप्प्यांच्या गाठोड्यात ठेवून डोंगर चढायचा. अठरा पायऱ्यांपूर्वी साधा नारळ फोडायचा. वर पोचल्यावर तुपाचा नारळ फोडून त्यातल्या तुपाने देवाला अभिषेक होतो आणि करवंटी खाली धगधगत्या अग्नीत टाकली जाते. तूप म्हणजे आत्मा, करवंटी म्हणजे देह, अशी त्यामागची भावना. विमानात सुरक्षेच्या नियमांमुळे नारळ हातसामानात नेता येत नसे, तेव्हा या भक्तांची पंचाईत होई. नोव्हेंबर २०२२ मध्ये यात्रेच्या काळापुरती त्यांना सवलत देण्यात आली आणि इरुमुडीतला नारळ भक्ताबरोबर विमानातही बसला!

पूर्वेचा किनारा

कन्याकुमारीला वळसा घालून पूर्वेकडे आले की तमिळनाडूत पिळ्ळैयारसमोर, म्हणजे आपल्या गणपतीसमोर, ‘सिदरु तेंगाय’ दिसते. सिदरु म्हणजे विखुरलेला. इतर देवळांत नारळाचे दोन नेमके भाग व्हावे लागतात, अर्धा देवाचा आणि अर्धा भक्ताचा. इथे मात्र तो असा आपटायचा की शंभर तुकडे चहूकडे उडावेत. माणसाचा अहंकार असाच फुटावा, हा अर्थ. तुकडे कुणीही उचलावेत. म्हणून कुणी मोठा नवस फेडायला आले की आजूबाजूची पोरे टपूनच असतात.

आंध्रात गोदावरीच्या मुखाशी कोनसीमा हा नारळाचा मोठा पट्टा आहे, ओडिशात पुरीजवळ साखीगोपाल. आणखी वर बंगालमध्ये नारळ फोडतात ‘दा’ने, म्हणजे तिथल्या जड कोयत्याने, आणि खवतात ‘कुरुनी’वर. आपली कोजागिरी ती तिकडची लक्ष्मीपूजा. त्या दिवशी आपल्याकडे दूध आटते, तर बंगाली घरात गुळात शिजवलेल्या ओल्या खोबऱ्याचे लाडू, ‘नाडू’ वळले जातात. त्यासाठी आदल्या दिवशी घरातल्या साऱ्या बायका दा आणि कुरुनी घेऊन बसतात. रत्नागिरीची सून कोलकात्याच्या त्या स्वयंपाकघरात नेली, तर भाषा कळली नाही तरी खवणीपुढे बसल्यावर ती परकी राहणार नाही!

पाडायचे कोणी, सोलायचे कोणी?

इतक्या तऱ्हा, इतकी हत्यारे. पण ती धरणारे हात कमी होत चालले आहेत, ही आज कोकणापासून केरळापर्यंतची सारखीच तक्रार आहे. माडावर चढणाऱ्याच्या मुलाने शाळा शिकली, तो शहरात गेला, आखातात गेला. त्याने जाऊ नये असे कोण म्हणेल? माडावरून पडलेल्या माणसाच्या घराची काय दैना होते, हे त्याने लहानपणी पाहिलेले असते. सोलणाऱ्याचेही तेच. कसलेला कारागीर दिवसात हजारावर नारळ सोलतो, पण दिवसभर वाकून आणि पोटाशी ते टोक घेऊन. हातावरचे घट्टे आणि पाठीचे दुखणे यापलीकडे पदरी फारसे पडत नाही. परिणाम असा, की नारळ तयार होऊन माडावर वाट पाहत राहतात आणि अंगणात माड असलेले कुटुंब बाजारातून नारळ विकत आणते.

या प्रश्नावर उपाय शोधला तो केरळनेच. कण्णूर जिल्ह्यातल्या चेंबेरीचे शेतकरी एम. जे. जोसेफ यांनी माडावर चढण्याचे एक साधे यंत्र तयार केले. लोखंडी चौकटीचे दोन भाग, प्रत्येकाचा तारेचा फास माडाच्या खोडाला वेढलेला. एका भागावर डावा पाय, दुसऱ्यावर उजवा. वजन टाकले की फास आवळतो, पाय उचलला की सैल होतो. जिना चढावा तसे एकेक पाऊल वर सरकवत जायचे. खोडाला मिठी मारायची गरज नाही, छाती-पोटरी सोलवटून निघण्याची भीती नाही.

सोलण्यासाठी केरळ कृषी विद्यापीठाने ‘केरमित्र’ नावाचे अवजार विकसित केले. लोखंडी दांड्यावर दोन पाचरी, एक पक्की आणि एक हलणारी. नारळ वरून त्यात रुतवायचा आणि तरफ ओढायची, की पाचरी उघडतात आणि सोडण ढिले होते. नारळ फिरवून तीनदा असे केले की काम झाले. टोक पोटाशी नाही, वाकायचे नाही, पीळ द्यायचा नाही. जे काम आजवर दणकट पुरुषाचे मानले जाई, ते घरातली सासू उभ्या उभ्या करू लागली.

२०११ मध्ये नारळ विकास मंडळाने ‘नारळ वृक्षाचे मित्र’ ही प्रशिक्षण योजना सुरू केली. केरळात तिला म्हणतात ‘चंगातिक्कूट्टम’. चंगाती म्हणजे सोबती, आपल्या ‘सांगाती’ची आठवण करून देणारा शब्द. बेकार तरुणांना यंत्राने माडावर चढणे, तयार नारळ ओळखणे, झाडाची निगा राखणे हे शिकवायचे, यंत्र द्यायचे आणि विम्याचे संरक्षणही द्यायचे, असा हा कार्यक्रम. त्यात तरुणांबरोबर बायकाही आल्या. सुरुवातीला गावोगाव चर्चा झाली, हसणारेही हसले. पण ज्यांच्या माडावर महिनोन्‌महिने नारळ लटकून होते, त्यांनी हसणे लवकर थांबवले. डोक्याला पदर गुंडाळून, कोयता कमरेला लावून चढणारी बाई खाली उतरते तेव्हा तिच्या हातात दिवसाची रोख मजुरी असते. बाईने नारळ फोडावा की फोडू नये, हा वाद घालायला तिला वेळ नाही. तिने तो झाडावरूनच उतरवून आणला आहे!

घरच्या ओट्यावर

आता किनाऱ्यापासून दूर, शहरातल्या चौथ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात येऊ. इथे पहार नाही, अंगण नाही, दगडी पायरी नाही. शेजाऱ्यांची झोपमोड करत दाराच्या उंबऱ्यावर नारळ आपटणे हा एकच उपाय पुष्कळांना ठाऊक असतो. किनाऱ्यावरच्या माणसांकडून घेण्यासारखे बरेच आहे.

नारळ विकत घेतानाच हलवून पाहावा. आत पाणी डुचमळल्याचा स्पष्ट आवाज आला पाहिजे. डोळ्यांपाशी ओल किंवा बुरशी असेल तर तो सरळ परत ठेवावा. करवंटीला बारीक तडा असला तरी आतले खोबरे खवट निघते. त्यात देवाचा कोप किंवा अपशकून काही नसतो!

फोडण्यापूर्वी तिन्ही डोळे टोचून पाहावेत. मऊ डोळा सहज टोचला जातो. त्यातून पाणी पेल्यात काढून घेतले की ओटा ओला होत नाही. सवय नसेल तर नारळ तळहातावर धरून फोडू नये. जाड फडक्याची चुंबळ करून त्यावर तो आडवा ठेवावा, एका हाताने टोकाकडून धरावा आणि मध्यावर बत्त्याने किंवा जड सुरीच्या पाठीने फिरवत फिरवत ठोके द्यावेत. धार नेहमी आपल्यापासून आणि मुलांपासून दूर ठेवावी. आवाज बदलला की थांबावे, पुढचे काम तडा स्वतः करतो.

अखंड खोबरे हवे असेल तर पाणी काढलेला नारळ गॅसच्या मंद आचेवर सगळीकडून शेकावा, किंवा रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवावा. दोन्ही रीतींनी खोबरे करवंटी सोडते आणि ठोक्यागणिक करवंटीचे तुकडे सुटून येतात. तिपटूरला जे काम माळ्यावर वर्षभरात होते, त्याची ही एका रात्रीतली छोटी आवृत्ती. पाणी न काढता नारळ आचेवर मात्र कधीही ठेवू नये. आत वाफ कोंडून तो फुटतो आणि अंगावर उडतो. वाटीतून खोबरे सोडवायला टोकदार सुरी खुपसण्यापेक्षा बोथट सुरी किंवा चमच्याचा दांडा बरा. सर्वांत जास्त हात कापतात ते याच वेळी.

आणि एक गोष्ट मुलींना आणि मुलग्यांना सारखीच शिकवावी. एखाद्या रविवारी दोघांनाही ओट्याशी उभे करावे, एकेक नारळ हाती द्यावा आणि आवाज कसा बदलतो ते ऐकायला सांगावे. पहिला नारळ वेडावाकडा फुटेल, दुसरा बरा फुटेल. पूजेच्या दिवशी घरात नारळ कोणी फोडायचा, हा प्रश्न मग फारसा उरणार नाही. ज्याला चांगला फोडता येतो, त्याने किंवा तिने!

तिकडे मालवणला नारळी पौर्णिमेची संध्याकाळ होते. लढती संपतात, धक्क्यावर करवंटीचे तुकडे आणि ओल्या खोबऱ्याचा वास राहतो. स्पर्धेत उतरलेल्या बायका फुटलेल्या नारळांच्या पिशव्या सावरत घरची वाट धरतात. कुणी जिंकलेली, कुणी हरलेली. घरी गूळ किसून ठेवलेला असतो, तांदूळ निथळत असतात आणि आडाळो भिंतीला टेकवलेला असतो. नारळीभाताला खोबरे दोघींनाही लागणारच असते.